शनिवारची खूण

शनिवार, ५ एप्रिल

कागद भरून सोबत ठेवला आहे. पाकिटावर पत्ता तूच घालून ठेवलास, तिकीटही तूच चिकटवलंस, मला फक्त जीभ लावून बंद करायचं. बारा आठवडे, बारा पाकिटं. आईला जीभ आहे हे तुझ्या चांगलं लक्षात आहे.

कागदाबरोबर पत्र लिही असं काही तू म्हणाली नव्हतीस. पण नुसत्या खुणा पाठवायला मी काय पोस्टाचा शिक्का आहे? चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, डोळेही अधू झालेत, तेव्हा मोठं मोठं लिहीन. चार वर्षांत तू मला ओळ लिहिली नाहीस, मीही नाही. आता जावई जहाजावर, तुला तीन महिने मोठी नर्स व्हायचं शिकायला तिकडे लांब जायचं, आणि पाळणाघराने ऐन वेळी टाळं लावलं, म्हणून पोरीला आजी आहे हे आठवलं. मी रागावले नाही. अडचणीला का होईना, आठवण ती आठवण.

पोरगी ठीक आहे. तिला मी भिंगरी म्हणते, तुझं ते शाळेचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. सोमवारी तू तिला दारात सोडलंस, गाडी थांबवून ठेवली होतीस म्हणून आत आली नाहीस. ती रडली नाही. चपला नीट जोडीने ठेवल्या आणि मला म्हणाली, "आजी, आता काय?"

म्हटलं, हात धू. धुतले. "आता काय?" दूध पी. प्यायली, पेला विसळून ठेवला. "आता काय?"

मंगळवारी मी मोजले. दुपारच्या जेवणापर्यंत चौतीस वेळा. मी सव्वीस वर्षं औषधाच्या बाटल्या तपासल्या. मागे दिवा, पुढे सरकता पट्टा, बाटली आली की बघायचं, तडा आहे का, बुडबुडा आहे का, आणि सोडायची, की दुसरी हजर. तसं हिचं झालंय. एका "आता काय"ला वाटेला लावलं की मागून दुसरं येतंच.

तुझा तक्ता भिंतीवर लावलाय. सात वाजता उठणे, साडेसातला शब्दांची कार्डं, आठला मेंदूचा व्यायाम, साडेआठला चित्रकला, पुढे गाणी, आकडे, गोष्ट, शरीराचा व्यायाम, दर अर्ध्या तासाला एक घर आणि घरात एक खूण. पेशंटच्या खाटेला लटकवतात तसला. सगळ्यात खाली संध्याकाळी साडेपाचला लिहिलंयस, "मोकळा खेळ, पंधरा मिनिटं." पाच वर्षांच्या पोरीला पंधरा मिनिटं. आम्हाला कारखान्यात वीस मिळायची.

सोबतच्या कागदावर सगळ्या घरांत खुणा केल्या आहेत. बघून घे.

भिंगरीची आजी


शनिवार, १२ एप्रिल

कागद सोबत आहे. कार्डं झाली, चित्रकला झाली, आकडे झाले. झोप चांगली, पोट साफ.

माझे गुडघे कसे आहेत ते तू विचारलं नाहीस. बरे नाहीत. सकाळी उठले की अर्धा तास भिंतीला धरून चालते. भिंगरी मागून येते आणि विचारते, "आजी, हा शरीराचा व्यायाम आहे का?" म्हटलं, हो बाई, हाच तो.

सोमवारी मी जरा कंटाळले. म्हणजे दमले. ती आली, "आता काय?" मी म्हटलं, "आता काही नाही."

तिला ते कळेचना. मी मराठीतच बोलले होते. माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली आणि विचारते, "काही नाही किती वाजेपर्यंत?"

म्हटलं, मी हाक मारेपर्यंत. मग जी काही रडारड झाली, की वरच्या मजल्यावरची शिलाईवाली मशीन थांबवून खाली आली. "मावशी, मारलंत काय पोरीला?" म्हटलं, नाही गं, काहीच केलं नाही, म्हणूनच रडतेय. मंगळवारी तेच. मंगळवारी तर जमिनीवर आडवी पडून पाय आपटले. मी भाजी चिरत बसले. उठून जवळ घ्यायला माझ्यात जीव नव्हता, खरं सांगायचं तर.

बुधवारी रडून झाल्यावर मागच्या अंगणात गेली. तिथे काही नाही, तुला माहीतच आहे, नळ, धुणं वाळत घालायच्या दोऱ्या, तीन पायऱ्या आणि माझी बुडाला भोक पडलेली बादली. बराच वेळ नळाशी बसून होती. मग बादलीत थोडं पाणी घेतलं आणि चालायला लागली. भोकातून पाणी ठिपकत होतं. फरशीवर रेघ उमटली. तिने मागे वळून पाहिलं, पुन्हा चालली, वळण घेतलं, तर रेघेनेही वळण घेतलं. ऊन असं, की एका टोकाला रेघ काढावी तर दुसरं टोक वाळून जातंय. तिने सगळं अंगण पालथं घातलं. मी म्हटलं, काय चाललंय? म्हणाली, "रस्ते. पण टिकत नाहीत गं आजी, सारखे दुरुस्त करावे लागतात."

हा तुझा साडेपाचचा मोकळा खेळ. पंधरा मिनिटं झाली. जरा इकडेतिकडे.

भिंगरीची आजी


शुक्रवार, १८ एप्रिल

या वेळी एक दिवस आधी टाकते आहे. उद्या गुडघे काय म्हणतील सांगता येत नाही आणि पोस्ट लांब आहे. कागद पूर्ण भरला आहे.

गेल्या रविवारी तू शिलाईवालीच्या फोनवर भिंगरीशी बोललीस तेव्हा मी शेजारीच होते. तू मला विचारलं नाहीस, मीही मध्ये तोंड घातलं नाही, खांबासारखी उभी राहिले. तू म्हणालीस, "आज काय काय केलं माझ्या सोन्याने?" ती म्हणाली, "काही नाही." तू म्हणालीस, "अगं सांग ना, लाजतेस काय?" ती म्हणाली, "खूप वेळ काही नाही केलं, आणि मग खूप काम आलं." तू हसलीस. लहान मुलं काय, काहीही बोलतात.

काम आलं ते खरं आहे पण. रस्ते झाले म्हटल्यावर गावात माणसं पाहिजेत. माझे लाकडी चिमटे सगळे दोरीवरून उतरवलेत. मला कपड्यांना एक उरलेला नाही, काल वाऱ्याने उशीचा अभ्रा शेजारच्या अंगणात गेला. चाळीस चिमटे आहेत. ज्याची स्प्रिंग ढिली तो म्हातारा. ज्याला स्प्रिंगच नाही ते दोन तुकडे जुळे भाऊ. आणि पायऱ्यांवर दवाखाना काढलाय, तिथे सगळं गाव आजारी पडून आहे. मोठी नर्स म्हणून माझा एकुलता एक निळा चिमटा. तो कायम ड्यूटीवर.

काल मी दारात बसून कांदे सोलत होते. एक लहानसा चिमटा रडत होता, म्हणजे त्याच्या वतीने हीच रडत होती. त्यावर निळा चिमटा आला आणि म्हणाला, "आता रडायची वेळ नाही. आता आकडे आहेत. साडेपाचला रड."

मी कांदेच सोलत राहिले. तशी डोळ्यातून पाणी यायला सोय होती.

तुला हे कळवावं की नाही असं दोनदा वाटलं. मग म्हटलं, पत्र लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही, तर त्यात काय लिहावं तेही कोणी सांगितलेलं नाही.

भिंगरीची आजी


शुक्रवार, २५ एप्रिल

काल तुझं पत्र आलं. चार वर्षांनी आलं आणि तेही पाच ओळींचं. मी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं.

तू लिहितेस, पाकिटावर शुक्रवारचा शिक्का आहे आणि आत शनिवारच्या सगळ्या घरांत खुणा आहेत. शनिवारी सकाळी तिने चित्र काढलं हे तुला शुक्रवारी सकाळी कसं कळलं, असं विचारतेस. ड्यूटी लागायच्या आधी तक्ता भरून ठेवणाऱ्या नर्सला मी त्याच दिवशी घरी पाठवते, असंही लिहितेस.

पकडलंस. त्यात काय लपवायचं?

कारखान्यात आम्हा बाटल्या बघणाऱ्या बायकांची एक वही होती. दर तासाला लिहायचं, किती तडकलेल्या निघाल्या, आणि पुढे खूण. पाळी सुरू झाली की आम्ही सातही बायका आठ तासांच्या आठ खुणा करून मोकळ्या व्हायचो. कारण खूण करायला मान खाली घातली की तेवढ्यात तीन बाटल्या पुढे जातात. वही बघायची की बाटली बघायची? मी बाटली बघायचे. माझ्या हातून फुटकी बाटली सव्वीस वर्षांत गेलेली नाही, वही मात्र सगळी खोटी. तीच सवय. सोमवारी सकाळी चहा पिता पिता मी तुझा सगळा आठवडा भरून टाकते.

आता एवढं झालंच आहे तर उरलेलंही ऐक. कार्डं मला वाचता येत नाहीत. अर्धी परक्या भाषेतली, अर्धी एवढ्या बारीक अक्षरांत की मुंगीला चष्मा लागेल. दोन दिवस भिंगरीनेच मला शिकवलं. "आजी, असं नाही गं, तोंड गोल कर." पाच वर्षांच्या पोरीकडून तोंड गोल करून घ्यायचं माझं वय नाही. कार्डं कपाटावर टाकली, ती अजून तिथेच आहेत. चित्रकला नाही, आकडे नाहीत. पहिला आठवडा कसाबसा रेटला, पुढचं सगळं खोटं आहे.

आणि हे मी काही मोठा विचार करून केलं असं समजू नकोस. दमले म्हणून केलं. ती पायऱ्यांवर शहाण्यासारखी रमली ते नंतरचं. मला फक्त टेकायला जागा हवी होती.

पण मी बघते आहे. बघणं हेच मला येतं. ती "आता काय" विचारायची थांबली आहे. गेल्या सोमवारपासून एकदाही नाही. तिची सकाळ आपोआप सुरू होते, आपोआप मोडते, मग ती येऊन माझं डोकं खाते, पाणी पिते, परत जाते. दवाखान्यात आता पाणी पुरत नाही म्हणून नळापासून पायरीपर्यंत तिने फुटक्या कौलांचा पाट केलाय. दोनदा उलट्या बाजूने वाहिलं. मला विचारायला आली नाही. तिसऱ्यांदा कौलाखाली खडा लावला. तुझ्या तक्त्यात कुठलं घर आहे याला?

रविवारी, चार तारखेला, येतेस आणि तिला घेऊन जातेस असं लिहिलं आहेस. तिकडे सकाळी सात ते संध्याकाळी सातचं मुलांचं केंद्र मिळालंय, दर तासाला नवीन बाई. घेऊन जा. लेक तुझी आहे.

शेवटची ओळ मात्र परत परत वाचली. "मुलं एकटी टाकायची तुला सवयच आहे." ती लिहिताना तुझं पेन थांबलेलं दिसतं. शाईचा ठिपका पडलाय.

मी तिला एकटं टाकलेलं नाही. बाकी काय लिहू?


सोमवार, २८ एप्रिल

शुक्रवारी पत्र टाकलं आणि घरी आल्यावर वाटलं, सोपं तेवढं लिहिलं. हे पत्र तू निघायच्या आत तुला पोचलं पाहिजे म्हणून शिलाईवालीच्या नवऱ्याला शहरातल्या मोठ्या पोस्टात पाठवते आहे. पाकीट माझंच आहे, पत्ता माझ्या हातचा, तेव्हा पोचेल अशी आशा.

भिंगरी वर्षाची होती तेव्हा मी तुझ्याकडे आले होते. ती पाळण्यात कुरकुरली की तू हातातलं टाकून धावायचीस. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "रडू दे जरा. तू नाही एकटीच वाढलीस? काय बिघडलं तुझं?" तू चहाचा कप खाली ठेवलास. माझी पिशवी आणून दारात ठेवलीस. त्यानंतर चार वर्षं. मी सगळ्यांना सांगत राहिले, एवढ्याशा बोलण्यावरून पोरीने तोडलं. एवढंसं नव्हतं ते. मला माहीत होतं.

तुझे बाबा गेले तेव्हा तू पाच वर्षांची. कारखान्याचं पाळणाघर तीन वर्षांपर्यंतच, शाळा सहा पूर्ण झाल्यावर घ्यायची. मधलं एक वर्ष दोन महिने. सकाळी सात ते तीन मी कामावर आणि तू खोलीत. पाव, पाण्याचा तांब्या, कोपऱ्यात मोरी, आणि बाहेरून कुलूप. एवढं तुला माहीत आहे. खिडकी उंच होती हेही तुला माहीत आहे. ज्या दिवशी मला जास्तीची पाळी करायला लावली आणि मी तीनऐवजी सातला आले तो दिवस तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

तुला माहीत नाही ते सांगते. मी मधल्या सुट्टीत यायचे.

सुट्टी वीस मिनिटांची. धावत यायला सात, जायला सात. उरली सहा. ती सहा मिनिटं मी दाराबाहेर उभी असायचे. चावी कमरेला असायची. उघडलं नाही, एकदाही नाही. उघडलं असतं तर तू गळ्यात पडली असतीस, आणि तुला सोडवून निघायला सहा मिनिटं पुरली नसती, आणि पट्ट्यापुढची जागा रिकामी दिसली की नाव कापायचे. विचार बरोबर होता. आजही बरोबरच वाटतो. तरी घशाखाली जात नाही.

आत तू बोलायचीस. कोणाशी, ते कळायला मला आठवडा गेला. उशीशी. उशी तुझी मुलगी होती आणि तू बाटल्या बघायला निघालेली असायचीस. "रडू नको हं, आले लगेच. पाव झाकून ठेवलाय." हुबेहूब माझा आवाज. मी बाहेर तोंडावर हात दाबून हसायचे. परत जाताना पाय उचलायचे नाहीत, पण हसू असायचं.

मग एक दिवस आवाज येईना. दाराला कान लावला. तू जागी होतीस, टाचेने फरशीवर ठक ठक करत होतीस. बोलणं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या महिन्यात नाही, पुढे नाहीच. मला वाटलं, शहाणी झाली. पट्ट्यावरच्या बायकांना कौतुकाने सांगितलंसुद्धा मी, आमची पोर आता अगदी गुणी झाली, त्रास म्हणून नाही.

काचेतला केसाएवढा तडा मला लांबून दिसायचा. हा नाही दिसला.

गेले दोन आठवडे भिंगरी पायऱ्यांवर बोलते आणि मी ऐकते, तेव्हा मला ते सगळं आठवायला लागलं. आधी वाटलं, तेच तर आहे, हिलाही कोणी काही शिकवत नाही आणि हीसुद्धा आपली आपण खेळते, मग तुझंच काय एवढं बिघडलं? पण तसं नाही. भिंगरी अंगणात आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, मध्ये सहा पावलं. ती मधूनच हाक मारते, "आजी?" मी म्हणते, "काय?" ती म्हणते, "काही नाही." दिवसातून वीसदा. आधी मला वैताग यायचा. आता कळतं, ती विचारत काहीच नाही, मी आहे ना तेवढं बघून घेते आणि परत कामाला लागते. कंटाळली की येऊन रडते, कोणीतरी आहे म्हणून रडते. तुलाही कंटाळा होता, उशी होती, डोकंही होतं. हाक मारायला माणूस नव्हतं. होतं, पण ओ देत नव्हतं.

म्हणून तू तिच्या दिवसाचा कोपरान् कोपरा भरतेस. रिकामा अर्धा तास दिसला की तुला ती खोली दिसते. आता मला कळलं, आणि आता कळून काय उपयोग. पण त्या खोलीत ती नाही गं. ती खोली तुझी होती.

माफी वगैरे लिहिणार नाही. मला ते लिहायला येत नाही, आणि लिहिलं तरी त्याचं काय करायचं हे तुलाही सुचणार नाही. रविवारी ये. तिचे कपडे धुऊन ठेवते. दोरीवर नुसतेच टाकावे लागतील, चिमटे दवाखान्यात आहेत.


मंगळवार, ६ मे

तू रविवारी आलीस आणि काल सकाळी गेलीस. जे घडलं ते तुझ्यासमोरच घडलं, पण तुझी माझ्याकडे पाठ होती. मला जे दिसलं ते लिहिते.

तू रिकामी बॅग घेऊन आलीस. माझं पत्र पोचलं का, हे मी विचारलं नाही. तू चपलांसकट सरळ अंगणात गेलीस. मला वाटलं, पोरगी आता धावत येऊन बिलगणार. तिने मान वर केली, तुला पाहिलं, तोंडभर हसली आणि म्हणाली, "आई, तुझा बारावा नंबर. तिथे बस."

तू म्हणालीस, "अगं, मी आलेय."

"हो ना. बस."

तू बसलीस. घड्याळ बघितलंस. फोन काढलास, ठेवलास, पुन्हा काढलास. "किती वेळ लागेल?" ती म्हणाली, "माहीत नाही. डॉक्टर राउंडला गेलेत." तू नाकातून हसलीस. मोठ्या दवाखान्यात तूही लोकांना हेच सांगत असणार.

दहा मिनिटांनी तू उठलीस, दोऱ्यांखालून फेरी मारलीस, परत बसलीस. तुझ्या चेहऱ्यावर ते आलं, दुपारी दोनला पट्ट्यावरच्या बायकांच्या चेहऱ्यावर यायचं ते. मला वाटलं, आता उठेल आणि बॅग भरायला घेईल. मी स्वयंपाकघराच्या दारातून हलले नाही.

मग तू पायरीवरचा एक आजारी चिमटा उचललास. त्याची स्प्रिंग निसटली होती. ती बसेना. तू चप्पल काढून बाजूला ठेवलीस, मांडी घातलीस, दाताने ओढून बघितलंस. बसली. दुसरा उचललास. मी स्वयंपाक उरकला, भांडी घासली, परत येऊन बघते तर तू एकेक चिमटा दुरुस्त करून ओळीत लावतेयस आणि ओठांशी काहीतरी पुटपुटतेयस. काय ते ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. बाहेर उभं राहून ऐकणं माझं करून झालंय.

तासाभराने तुझा नंबर आला. "काय होतंय तुम्हाला?"

तू म्हणालीस, "दमलेय."

"किती दिवसांपासून?"

"खूप."

तिने तुझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. तेच फडकं ज्याने ती पायऱ्या पुसते. म्हणाली, "आता काही करायचं नाही. मी हाक मारेपर्यंत काही नाही." तू पायरीला डोकं टेकून डोळे मिटलेस. ती पाण्याचे रस्ते दुरुस्त करायला निघून गेली आणि तुला हाक मारायचं विसरली. पाऊण तास.

रात्री तू जेवलीस. माझ्याशी मीठ मागण्याएवढं बोललीस. काल सकाळी गाडी आली, बॅग रिकामीच उचललीस आणि उंबऱ्यात थांबलीस. माझ्याकडे न बघता विचारलंस, "रोज यायचीस?"

मी म्हटलं, "शनिवारी नाही. शनिवारी अर्धी पाळी, मधली सुट्टी नसायची."

तू मान हलवलीस आणि गाडीत बसलीस. नंतर मला वाटलं, हो एवढंच म्हणायला काय झालं होतं. पण खोट्या शनिवारावरून एकदा पकडले गेले आहे.

तू गेल्यावर भिंतीवर बघते तर तक्त्यावर लाल पेनाने काट मारलेली. दुपारी तीन ते साडेपाचपर्यंतची सगळी घरं एक केलीस आणि त्यात काहीच लिहिलं नाहीस. सकाळची कार्डं तशीच ठेवलीस, म्हणजे कपाटावर हात पुरवावा लागणार. ठीक आहे. तोंड गोल करीन. जूनमध्ये तुझं शिकणं संपलं की ती जाणार हे मला कळतं. पुढच्या सुट्टीचं तू काही बोलली नाहीस, मीही विचारत नाही.

एकच कळव. त्या रिकाम्या घरात खूण करायची की नाही?

बाहेर बराच वेळ आवाज नाही. थांब, बघून येते.

बघितलं. पायरीवर पालथी पडून मुंग्यांकडे बघत होती. माझी सावली पडली तशी हळूच म्हणाली, "काय गं आजी?" म्हटलं, "काही नाही." म्हणाली, "मग हळू चाल. त्यांची पाळी बदलतेय."

या आठवड्याचा कागद सोबत नाही. तो शनिवारी संध्याकाळी टाकीन, शनिवार होऊन गेल्यावर.

आई